सायमा दाखल झाली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. शिक्षण विभागात आवक-जावकच्या टेबलावर बसणारा मी, पन्नाशीला टेकलेला माणूस, एक बर्फवाला जिना चढताना दिसला की रेकॉर्ड रूममध्ये जाऊन लपायचो. जुन्या हजेरीपटांच्या कपाटामागे उभा राहायचो आणि धुळीनं येणारी शिंक नाक दाबून परतवायचो.

त्या बर्फवाल्याचं नाव हसनमिया. मिरकरवाड्याच्या बंदरावर लाद्या फोडून ते मच्छीवाल्यांना बर्फ पुरवत. सोमवारी अकराच्या सुमारास बर्फाच्या पाण्यानं ओली झालेली पँट, पायात रबरी चप्पल आणि काखेत दुहेरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला अर्ज, अशा थाटात ते कचेरीत येत. पण अर्ज सरळ हातात देतील तर शपथ. आधी खिशातून वहीचा एक कागद काढून टेबलावर ठेवत.

"आधी ह्या सोडवा साहेब. मग शिक्का मारा."

कागदावर मुलीच्या टपोऱ्या अक्षरात कोडं असायचं. पहिल्या सोमवारचं मला अजून पाठ आहे. तीन टोपल्यांत मिळून पन्नास बांगडे. दुसरीत पहिलीच्या दुप्पट, तिसरीत दुसरीपेक्षा पाच कमी. तर कुठल्या टोपलीत किती? मी दहापासून सुरुवात केली आणि पंचेचाळीसवर अडकलो. शिपायानं सुचवलं, "उरलेले पाच मांजरानं नेले असं लिवा." शेवटी लेखा विभागातून एका मॅडमना बोलावलं. त्यांनी अकरा, बावीस, सतरा असं सांगितल्यावर हसनमियांनी ते आकडे तळहातावर पेनानं लिहून घेतले. मला वाटलं, माणूस आम्हांला तपासतोय. माझा अपमान झाला. तिथून माझी अढी बसली.

कोडी घालणारी मुलगी म्हणजे त्यांची सायमा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. पुस्तक जूनमध्ये मिळालं की गणपतीच्या सुट्टीआधी तिचं संपलेलं असायचं. मग बाई म्हणायच्या, गप्प बस आणि बाकीच्यांची वाट बघ.

"दिवसभर वाटच बघायची तर जेटीवर बसवतो की तिला," हसनमिया म्हणायचे. "निदान होड्या तरी येतील."

त्यांची मागणी साधी होती. अशा मुलांना सरकारी शाळेतच वेगळं काही शिकवायची सोय करा. आठवड्यातून दोन तास का होईना, पण कुणीतरी या. खाजगी शाळेचं नाव काढलं की ते उखडत. "सरकारी शाळेत हुशार पोरगी निघाली हा काय गुन्हा झाला?" आणि त्यांचं ठरलेलं वाक्य, जे बंदरावर, मशिदीच्या पायरीवर, आमच्या टेबलापाशी, सगळीकडे चालायचं: "मासा तसा बर्फ, साहेब. सगळ्यांना एकच घमेला घातलात तर अर्धा माल फुकट."

मी त्यांना समजावलं की आमच्याकडे तसा तक्ताच नाही. 'विशेष गरजा असलेली बालके' असा एक आहे, पण तो ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी.

"मग घाला की त्यात! हिलापण ऐकू येत नाय. बाई काय सांगतात ता हिचा दोन वर्षांपूर्वीच ऐकून झालाय."

एकदा "पालकांची संघटना" म्हणून तीन माणसं घेऊन आले. एकाचा मुलगा खरोखर हुशार होता, दुसरा सोबत म्हणून आलेला, तिसऱ्याला उत्पन्नाचा दाखला हवा होता. तो मिळत नाही म्हटल्यावर संघटना फुटली.

अर्ज मात्र येत राहिले. पाचव्या की सहाव्या अर्जाला मी कंटाळलो. नियमानं तो साहेबांपुढे ठेवायला हवा होता. ठेवला नाही. मीच शेरा मारला आणि उत्तर टपालात टाकलं: 'आपला अर्ज दफ्तरी दाखल करण्यात आला आहे.' कचेरीतल्या कुणालाही ह्याचा अर्थ विचारा. कागद फायलीला लावला, विषय संपला.

त्या सोमवारी हसनमिया आले ते धुतलेला सदरा घालून, हातात गोड सांदणांचा डबा. कोडं नव्हतं. मी लपायच्या आत त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"दाखल झाली ओ साहेब! सायमा दाखल झाली! आता सांगा, कधीपासून पाठवू? आणि कुठं?"

शिपाई तोंड फिरवून हसला. मी डब्याकडे बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "कळवतो." आणि एक सांदण उचलून खाल्लं.

हसनमियांचं येणं थांबलं. काम झालेला माणूस कशाला येईल?

पाच वर्षं मी मासळी दुसरीकडून घेतली. गेल्या महिन्यात पाहुणे आले म्हणून मिरकरवाड्याला गेलो आणि त्यांनीच मला ओळखलं. दाढी पांढरी झालेली. माझ्या पिशवीतल्या सुरमईवर न मागता बर्फ टाकला.

"साहेब, अजून कळवलात नाय ता?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. "घाई नाय म्हणा. तुमची चिठ्ठी जपून ठेवलीय मी. दाखल हाय म्हटल्यावर कधीतरी नंबर लागंलच."

मी सायमाची चौकशी केली.

"नववीला हाय. कोडी बंद केलीन. बाई खूश हायत, म्हणतात आता शहाण्यासारखी गप्प बसते." ते थोडा वेळ बर्फ फोडत राहिले. "घरात पण तशीच बसते."

मग त्यांनी सांगितलं. बर्फाच्या धंद्याआधी ते कुवेतला कामाला असताना सायमा दर शुक्रवारी फोनवर एक कोडं घालायची. शेजारच्या खोलीतला इंजिनिअर सोडवून द्यायचा, हसनमिया पुढच्या शुक्रवारी उत्तर सांगायचे. बायको वारली म्हणून गाव गाठलं. घरात दोघंच, आणि बापाशी बोलायला मुलीकडे कोडी सोडून दुसरं काही नव्हतं.

"मी चवथी नापास. तिला वाटायचा, अब्बाच सोडवतात. म्हणून तर तुमच्याकडे यायचो मी. उत्तर घेऊन घरी गेलो की जेवताना बोलायची ती माझ्याशी. काम झाल्यावर नुसत्या कोड्यासाठी कसा येणार, मग उत्तरं बंदच झाली. परवा मीच म्हटला, घाल की एखादा. तर म्हणते, राहू दे अब्बा, तुम्हांला कुठे येतं?"

मी पिशवी उचलली. "बघतो," म्हणालो आणि निघालो.

तो अर्ज साहेबांनी कधी पाहिलाच नाही. 'दाखल' म्हणजे बंद, आणि बंद करणारी सही माझी, हे हसनमियांना त्यांच्या दारात उभं राहून सांगायचं आहे. सायमा समोर असताना सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.