चिमटा काढायला कुणी नाही

“मला नको हे काम. नुसते चिमटे काढत फिरायचं?” अवंतीने कमरेवर हात ठेवून विचारले.

वामनराव बघतच राहिले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मांजलपूरच्या त्यांच्या सोसायटीत ते उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर मुलांचा वर्ग घेत. काल अनिशचे बोट कापले आणि त्याने विचारले, “आजोबा, जखम भरा म्हणून आतल्या पेशींना सांगतं कोण?” या प्रश्नाने वामनराव इतके हरखले, की आज त्यांनी घरातले कपड्यांचे सगळे चिमटे उचलून आणले होते.

“पेशीच्या दारावर निरोप येतो,” त्यांनी समजावले होते. “दारावरचं प्रथिन तो आतल्या प्रथिनाला देतं, ते पुढच्याला. कसा? अंगावर फॉस्फेटचा चिमटा लावून! चिमटा लागला की प्रथिन जागं, काढला की झोपलं.”

मग सगळे खाली उतरले, आणि फाटकापासून जिन्याखालच्या पाण्याच्या मोटरीपर्यंत मुले रांगेत उभी राहिली. अनिश दारावर, ईशानी मोटरीपाशी. ईशानीला चिमटा लागला की मोटर चालू, अवंतीने तो काढला की बंद. मोटर लावायची वेळ तशीही झालीच होती.

“ईशानीला बटण आणि मला कचरा!” म्हणत अवंती घरी निघून गेली. केबलवर कार्टून लागले होते.

वामनराव संतापून तिच्यामागे वर गेले. तेवढ्यात पोस्टमनने फाटक वाजवले आणि अनिशने निरोप आत सोडला. एकामागून एक चिमटे लागत गेले आणि ईशानीने मोटर चालू केली.

वर दारात वामनराव कडाडत होते, “कचरा? अगं, जखम भरल्यावरही पेशी वाढतच राहिल्या तर गाठ होते, गाठ! चालू कुणीही करतं. बंद करणाऱ्यावर सगळं शरीर उभं आहे!”

अवंतीने टीव्हीचा आवाज वाढवला. वामनरावांनीही वाढवला. त्या दोन आवाजांत टाकी वाहू लागल्याचे कुणालाच कळले नाही. कळले ते गच्चीवरून शेजारच्या कमलाबाई ओरडल्या तेव्हा.

“अगं बाई! माझ्या कुरडया पोहतायत!”

वामनराव धापा टाकत खाली आले. ईशानी मोटरीपाशी ताठ उभी होती.

“अगं, बंद कर ना!”

“कशी करू आजोबा? चिमटा आहे ना अजून!”

संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. सेक्रेटरी सुभाषभाई म्हणाले, “बस थयुं, पुरे झालं, मास्तर! उद्यापासून गच्चीला कुलूप. क्लास बंद.”

“वर्षभराच्या कुरडया होत्या हो!” कमलाबाई म्हणाल्या.

क्लास बंद म्हणताच वामनरावांचा पारा चढला. “कुलूप मोटरीच्या बटणाला लावा! आपली टाकी रोज वाहते. आज कुरडया होत्या म्हणून दिसलं. पाणी आलं की बटण दाबायला निम्मी सोसायटी धावते. बंद करायचं काम कुणाचं, ते सांगा!”

सुभाषभाईंनी कमलाबाईंकडे पाहिले. कमलाबाईंनी वर टाकीकडे पाहिले. मग सगळ्यांनीच वामनरावांकडे पाहिले.

“हे मात्र खरं हं,” सुभाषभाई गोड आवाजात म्हणाले. “माणूस नेमायला हवा. रिटायर्ड, घरी असणारा, आणि या कामाचं महत्त्व समजणारा. क्लास चालू ठेवा, मास्तर. मोटर तेवढी तुम्ही बंद करत जा.”

“मी? मी जीवशास्त्राचा शिक्षक आहे! बटणं बंद करायला—” वामनराव उसळले. पण कुलपाची किल्ली सुभाषभाईंच्या बोटात फिरत होती. ते मुकाट्याने खाली बसले.

दुसऱ्या दिवशी वर्ग ऐन रंगात असताना खालून हाक आली, “मास्तर, मोटर बंद करायची वेळ झाली!” वामनराव कपाळाला आठ्या घालून उतरले. बटण दाबले. मोटर थांबली, आणि वरून थेंबही पडला नाही. कमलाबाईंनी खिडकीतून पाहिले आणि पहिल्यांदाच त्यांना नमस्कार केला. त्यानंतर आठवडाभर हाक येण्याआधीच वामनराव खाली हजर असत.

एका सकाळी अवंती बटणापाशी येऊन उभी राहिली.

“आजोबा, हे काम मी करू?”

“मुळीच नाही!” वामनराव बटणावर हात ठेवून गरजले. “माझं आहे ते!”