मुजावर काकांची वहिवाट

मुजावर काका रस्ता विचारतात तेव्हा सांगणाऱ्याच्या बोटाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. माणूस सांगतो, सरळ जा, मग डावीकडे वळा, आणि काका त्याच्या चपलांवर नजर लावून उभे. तो बिचारा गोंधळतो, पायाला काही लागलंय का ते बघतो. तोवर काकांचा निकाल झालेला असतो. चार पावलं पुढं गेल्यावर ते मला म्हणतात, "बोट डावीकडे होतं, पंजे उजवीकडे. याला माहीत नाही. दुसरा गाठू."

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. तीसेक वर्षं ते जमीन मोजणीच्या खात्यात होते. शेताची हद्द दाखवताना शेतकऱ्याचं बोट शेजाऱ्याच्या रानात जातं, पण पाय खऱ्या बांधावरच थांबतात, असं त्यांचं म्हणणं. पायांना खोटं बोलायची सवय नसते.

मी येरवड्यात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. मूळची वाशीम जिल्ह्यातली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळं पुण्यात कुणाला काय विचारावं हेच मला कळत नव्हतं. काकांना ती अडचण नव्हती. खोली देताना त्यांनी आमच्या गावच्या घराच्या चतुःसीमा विचारल्या. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. पूर्वेला गोठा, असं मी सांगितलं. चार दिवसांनी त्यांनी माझ्या बाबांना फोन करून तेच विचारलं. बाबा म्हणाले, पूर्वेला चुलत्याचं घर. झालं, मला खाली बोलावणं आलं. चुलत्याच्या घराचा मागचा भाग म्हणजेच गोठा, हे मी अडखळत सांगितलं. काकांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "हं. राहा." तेव्हापासून मी 'वाशीमकर'. माझं नाव त्यांना माहीत आहे, पण ते अजून सिद्ध झालेलं नाही, असं काकू म्हणतात.

काकू त्यांच्या अगदी उलट. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला त्या आधी चहा देतात आणि मग तो कुठल्या कंपनीचा ते विचारतात.

गेल्या डिसेंबरात काकूंच्या नावानं बेंगळुरूचं विमानाचं तिकीट आलं. एकच. त्यांची एकुलती एक मुलगी रुबीना तिथं असते. तिला आठवा महिना लागला होता, प्रवास करायचा नव्हता, आणि अम्मी जवळ हवी होती. काकांना बोलावणं नव्हतं. त्याला कारण होतं. लग्नाआधी जावई खराडीतल्या एका कंपनीत कामाला होता, तेव्हा काका लागोपाठ तीन दिवस त्या कंपनीच्या फाटकासमोर उभे राहिले. मुलगा खरंच आत जातो का आणि संध्याकाळी त्याच दारातून बाहेर येतो का, ते बघायला. चौथ्या दिवशी मुलगा स्वतःच त्यांच्यासाठी चहाचा कप घेऊन बाहेर आला. लग्न झालं, पण रुबीनानं ती गोष्ट मनातून काढली नाही. चार वर्षं तिचा फोन यायचा तो काकूंच्या नंबरवर. काका शेजारी बसून पेपर वाचायचे. फोन संपेपर्यंत पान उलटायचे नाहीत.

तिकिटावर त्यांचा पहिल्यापासून संशय. रेल्वे असताना विमान का? आणि तिकिटावर जागेचा नंबर कुठं आहे? "जागा न दाखवता जागा विकतायत," ते म्हणाले. जाग्यावर जाऊन खात्री केल्याशिवाय बायकोला पाठवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या, गुडघा दुखरा, एकट्या कधी पुण्याबाहेर पडलेल्या नाहीत. आत वाट चुकल्या तर परत कुणाला सापडायच्या, हा काकांचा खरा प्रश्न होता. काकूंना हा प्रश्नच कळत नव्हता. "अहो, तिथं माणसंच असतील ना?" त्या म्हणाल्या. काका म्हणाले, तीच तर भीती आहे.

एका रविवारी ते मला घेऊन गेले. येरवड्याहून विमानतळ काही लांब नाही, पण रिक्षावाल्यानं मोबाईलवर रस्ता लावला होता आणि त्यातली बाई दर चौकात बोलत होती. काकांनी दोन चौक ऐकून घेतलं. मग पुढं वाकून रिक्षावाल्याला विचारलं, "ही बाई उभी कुठं आहे? हिचे पाय दिसत नाहीत." रिक्षावाल्यानं फोन बंद करून टाकला आणि उरलेला रस्ता काकांनी सांगितला. त्यामुळं आम्ही आधी जुन्या इमारतीपाशी पोचलो आणि तिथून नव्या इमारतीकडे चालत गेलो. काका म्हणाले, बरं झालं, दोन्ही बघून झाल्या.

तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. म्हणून काकांनी मोजणीतली पद्धत काढली होती. आत जाता येत नसेल तर आतून आलेल्याचा जबाब घ्यायचा. प्रवासी बाहेर पडतात त्या दाराशी ते वही घेऊन उभे राहिले आणि त्यातल्या त्यात थकलेला माणूस निवडू लागले, कारण थकलेला माणूस रचून सांगत नाही. आपण आतून आलात का? बेंगळुरूला जाऊन आलात का? तिथं बॅगा मिळतात तिथून बाहेरचं दार किती पावलांवर? वाटेत बसायला जागा आहे? एका गोष्टीला तीन जबाब. लोक घाईत होते, तरी सांगत होते. जाताना आपल्याच बुटांकडे बघत होते.

मी जरा लांब उभी होते. मला संकोच वाटत होता. तेवढ्यात एक जवान आला आणि त्यानं काकांच्या हातातून वही घेतली. वहीवर नाव मुजावर आणि आत विमानतळाच्या खुणा. बंदूक लावलेल्या माणसापुढं काय बोलावं हे मला कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही. तरी मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

जवानानं आम्हाला त्याच्या साहेबांकडे नेलं. ते मराठी होते. विमानतळाचा नकाशा कशासाठी काढताय, असं त्यांनी शांतपणे विचारलं. काका घाबरलेले नव्हते. उलट त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आपल्यासारखा एक माणूस अखेर भेटला, असं काहीसं.

"नकाशा नाही साहेब, वहिवाट आहे," ते म्हणाले. शेतातून लोक वर्षानुवर्षं चालत आलेले असतात, त्या वाटेला मोजणीत वहिवाट म्हणतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. भिंती त्यांना नको होत्या. बायको कुठून कशी चालेल, एवढंच हवं होतं.

साहेबांनी वही वाचायला घेतली. 'पाण्याचा नळ. डाव्या हाताला. दोघे हो म्हणाले, एक नाही. नाही म्हणणारा विश्वासू वाटला.' त्यांनी आणखी दोन पानं वाचली आणि तोंडावर हात ठेवला. मग म्हणाले, इथं उभं राहून असं काही टिपायचं नाही, आणि बाईंना मदत हवी असेल तर तिकीट दाखवून सांगा, आत माणसं असतात, चाकांच्या खुर्चीवरून नेतातसुद्धा. काकांनी विचारलं, का नेतात? वही परत देण्याआधी साहेबांनी काकांचं ओळखपत्र पाहिलं. काका म्हणाले, "बरोबर केलंत. पण मागची बाजू बघितली नाहीत."

त्यानंतर जबाब घेणं बंद झालं. होतं तेवढ्यावरून काकांनी सांगितलं आणि मी मोठ्या अक्षरात लिहिलं, काकूंना वाचता येईल असं. एकवीस ओळी झाल्या. नववी ओळ मला पाठ आहे. 'पर्स ट्रेमध्ये ठेवावी. ट्रे आत जाईल, आपण बाजूनं जायचं. ट्रे बाहेर येतो (तिघांनी सांगितलं).' शेवटची ओळ होती, 'काचेचं दार. बाहेर रुबीना.' ती सांगताना काका खिडकीबाहेर बघत होते.

जायच्या दिवशी काकूंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि दारावरच्या जवानाला तिकीट दाखवून आत गेल्या. काचेतून आम्हाला दिसत होतं. आत गेल्या गेल्या त्यांनी समोर दिसलेल्या पहिल्या बाईचा हात धरला आणि बोलायला लागल्या. दोघी हसत हसत दिसेनाशा झाल्या. काका काचेला कपाळ टेकून उभे होते. "पर्स उघडलीसुद्धा नाही," ते म्हणाले.

आम्ही घरी गेलो नाही. विमान उडालं याला पुरावा काय, असं ते म्हणाले आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसले. डोक्यावरून विमानं जात होती, पण त्यांतलं कुठलं काकूंचं ते सांगणारा कुणी नव्हता. काका दर पाच मिनिटांनी फोन चालू आहे का ते बघायचे. मला वर्गाला उशीर होत होता, पण तसं सांगायला जीभ उचलेना.

दुपारी फोन वाजला. काकूंचा नंबर. काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, ऐकायला दुसरा माणूस हवा म्हणून. पण बोलली रुबीना. बापलेक एकमेकांशी मराठीत बोलतात हे मला तेव्हा कळलं.

"अब्बा, अम्मी पोचली. गाडीत आहे माझ्या शेजारी. कागद वाचला मी."

काकांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"दारापर्यंतच लिहिलंय तुम्ही. पुढं आमच्या घरापर्यंतचं कुठंय?"

"ते मला माहीत नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

मग ती म्हणाली, "चालल्याशिवाय वहिवाट पडत नाही, अब्बा. तुम्हीच सांगायचात." आणि फोन ठेवला.

काका फोनकडे बघत बसले. मला वाटलं आता विचारतील, ती नक्की काय म्हणाली, तू काय ऐकलंस. त्यांनी विचारलं नाही. उठून ते रिक्षाच्या रांगेकडे चालू लागले. रिक्षात बसल्यावर, बरंच अंतर गेल्यावर, त्यांनी विचारलं, "बेंगळुरूला या दिवसांत थंडी असते का गं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही काका, पण काकूंनी स्वेटर नेलाय.

"तिचा नेलाय," ते म्हणाले. "माझा कपाटात कुठं आहे, ते तिलाच माहीत."