शनिवारी थांबा, सर!

"मला घरी बसवणारा अजून जन्माला यायचाय!" असं मी आमच्या डुलूथ गावच्या न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी कर्नल ऑर्विल टेस्डाल, सैन्याच्या राखीव दलातला. वय भरलं, तरी अधिकाऱ्याला आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायचं का, हे एक निवड मंडळ ठरवतं. आणि मी म्हणजे लायकीचा नुसता डोंगर! बायको, मार्लिस, गेल्यापासून घरात माझ्याशी फक्त फ्रीज बोलतो, तोही घुरघुरत. महिन्यातून एकदा कवायतीला जमतात, तेवढीच माझी माणसं.

एक दिवस आमच्या तुकडीतली मेजर कोविस्टो फोनवर म्हणाली, "सर, शनिवारी तुम्ही थांबायचं हं! सगळ्यांची इच्छा आहे."

"थांबायचं? नक्की?"

"अगदी नक्की! आता जास्त विचारू नका, मजा जाईल."

थांबायचं! म्हणजे मंडळाने ठेवून घेतलं! मी रणगाड्याएवढा केक घेतला, त्यावर लिहून घेतलं, 'मी इथेच आहे!'

शनिवारी कवायत संपली. केक ढालीसारखा धरून मी हॉलमध्ये घुसलो. टाळ्यांचा कडकडाट! मी हात वर केला.

"मंडळी, डोळे पुसा! मी कुठेही जात नाही! अजून दोन वर्षं तुमच्या डोक्यावर मिरे वाटणार!"

टाळ्या बंद. कुणाचा तरी चमचा पडला. शिडीवर उभा असलेला स्वयंपाकी सार्जंट फलकाचं दुसरं टोक बांधत होता. फलकावर लिहिलं होतं, 'कर्नलसाहेबांना निरोप!'

"सर," मेजर पुटपुटली, "मी जेवायला थांबा म्हटलं होतं. मंडळाने नाही म्हटलंय... ब्रिगेडियरसाहेब बोलले नाहीत?"

शेजारीच उभे असलेले ब्रिगेडियर दचकून मेजरला म्हणाले, "मी? मला वाटलं, तू सांगितलंस!"

सगळे माझ्याकडे बघत होते. केक अजून माझ्या हातातच होता.

"फसलात की नाही!" मी ओरडलो.

सुटका झाल्यासारखे सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मीच. निघताना सार्जंटने उरलेल्या मॅकरोनीचा ट्रे माझ्या हातात कोंबला.

सोमवारी मी फोन लावला. "मेजर, सार्जंटचा ट्रे राहिलाय माझ्याकडे. आणून देऊ? मी त्या बाजूला येणारच आहे."

"अहो सर, तो वापरून फेकायचा असतो! उगाच कशाला खेप?"

"हो, हो. तेच म्हणतो मी!"

तुम्हाला म्हणून सांगतो, मी तो दोनदा घासला होता.