निकेल-बासष्ट आणि हिरव्या सपाता

'दुसरं काही कारण संभवतं का?' या रकान्यात 'नाही' लिहून सही करायला मिसाओ-सान काही तयार होईनात, आणि त्यांची वाट बघत कुरामोची सेन्सेईंचा चहा पार निवून गेला.

जपानमधल्या सेंदाईच्या त्या प्रयोगशाळेत सेन्सेई बावीस वर्षं निकेलची पूड लिथियमबरोबर तापवत होते. त्यातून जादा ऊर्जा मिळावी, ही आस. मिळाली ती बायकोची बोलणी, आणि ती गेल्यावर तीही बंद झाली. आता निवृत्तीला दहा दिवस उरले असताना राखेत निकेल-बासष्ट, म्हणजे निकेलचाच एक जड, दुर्मिळ प्रकार, सापडलं होतं. निसर्गात शंभर भागांत जेमतेम चार, इथे चाळीस! म्हणजे भट्टीत एका निकेलचं दुसरं निकेल झालं. सेन्सेईंनी सकाळीच बायकोच्या तसबिरीपुढे घंटी वाजवून ही बातमी सांगितली होती. जगाला शुक्रवारी सांगायची. फक्त अणूंची वजनं मोजणाऱ्या मिसाओ-सानची सही हवी होती.

“यंत्राला जुनं काही चिकटलं असेल.”

“तुम्हीच तीनदा धुतलंत की!”

“मग पूडच तशी आली असेल.”

“बंद बाटली फोडून बघितलीत. चारच भाग.”

“टेबलावरची न तापवलेली पूड राहिलीय. तेवढी बघते.”

तासाभराने त्या परत आल्या. “सेन्सेई, हिच्यातही चाळीस.”

सेन्सेईंचे डोळे भरून आले. “न तापवताच? अहो, मग भट्टीसुद्धा नको!”

त्या भरल्या डोळ्यांकडे बघवेना म्हणून मिसाओ-साननी नजर खाली वळवली. सेन्सेईंच्या पायांत हिरव्या सपाता होत्या. या खोलीच्या सपाता तपकिरी. हिरव्या शेजारच्या ओझेकींच्या खोलीतल्या, आणि ओझेकी विकतच्या निकेल-बासष्टवरच काम करत.

“या कुठून घातल्यात?”

“शौचालयाबाहेरून. आतल्या वेगळ्या असतात ना. बाहेर आलो की समोर दिसतील त्यांत पाय घालतो.”

“आणि हाताने काही?”

“हात स्वच्छ धुतो हं! मग बाहेर येऊन सगळ्यांच्या सपाता नीट, ओळीने लावतो. हिने लावलेलं वळण.”

“कुठल्या हाताने?”

सेन्सेईंनी आपला उजवा हात उलटासुलटा करून बघितला. चिमटा हरवल्यापासून पूडही ते त्याच बोटांनी उचलत होते.

मग सेन्सेईंनी कागद ओढला आणि रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : सपाता.

“आता घरी जाऊन हिला काय सांगू?”

“सांगा, अजून सपाता सरळ लावतो म्हणून,” मिसाओ-सान हळूच म्हणाल्या. “त्यांना तेच जास्त आवडेल.” आणि त्यांनी खाली सही केली.

तेवढ्यात ओझेकी धापा टाकत दारात आले. “सेन्सेई, आधी तुम्हाला सांगतो! आमचं निकेल-बासष्ट आपोआप घटतंय, आणि त्यात चक्क लिथियम उगवलंय! शुक्रवारी जाहीर करतोय!”

अभिनंदन करायला सेन्सेई कमरेतून वाकले, आणि वाकलेले असतानाच त्यांना समोर दोन तपकिरी सपाता दिसल्या.

“बसा, ओझेकी-सान,” ते सावकाश सरळ होत म्हणाले. “तुमच्या कागदातला एक रकाना आम्ही आत्ताच भरून ठेवलाय.”