फावड्यावरचा शिक्रा

“डोळे मिटून सांगतो, हा शार्पी!” नॉर्बर्ट म्हणाला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

मार्च उजाडला तरी मिलवॉकीतला बर्फ हलायचं नाव घेत नव्हता. घरासमोरच्या अंगणात बर्फाच्या ढिगात फावडं खोचलेलं होतं आणि त्याच्या दांड्यावर एक शिक्रा ऐटीत बसला होता. नॉर्बर्ट बस चालवून निवृत्त झालेला. पक्षिमंडळात जायला लागल्यापासून तो जेवतानासुद्धा गळ्यातली दुर्बीण काढत नसे.

“शार्पी कसला? तो कूपर आहे,” बायको लुसिल म्हणाली.

या शहरात शिक्रे दोन जातींचे. कूपर मोठा, शेपटी टोकाला गोल. शार्पी लहान, शेपटी सरळ कापल्यासारखी. पुस्तकात हे फार सोपं वाटतं!

“लागली पैज?” नॉर्बर्टने छाती फुगवली. “हरेल त्याने थंडी संपेपर्यंत बर्फ उपसायचा!”

“लागली!” लुसिल म्हणाली. नॉर्बर्टच्या कंबरेत तेव्हाच कळ आली, पण आता माघार कशी घेणार?

लुसिल पहाटेच बेकरीत कामाला जाई. त्यामुळे सकाळचा पहारा नॉर्बर्टचा. दुपारी तो घोरायला लागला की पहारा लुसिलचा.

“एवढासा आहे गं! मुठीत मावेल!”

“एवढासा? अरे, सशाला उचलून नेईल तो!”

शेवटी नॉर्बर्टने दांड्याला लाल चिकटपट्टी लावली. शेपटी पट्टीच्या वर राहिली तर शार्पी, खाली आली तर कूपर. सकाळी शेपटी पट्टीच्या वर! नॉर्बर्ट एकटाच स्वयंपाकघरात नाचला. संध्याकाळी लुसिलने त्याला गदागदा हलवून उठवलं. शेपटी पट्टीच्या चांगली खाली!

“तू पट्टी सरकवलीस!”

“मी? त्या बर्फात? तूच सकाळी वर-खाली केली असशील!”

नॉर्बर्टचं डोकं चालेना. पक्षी सकाळी लहान आणि संध्याकाळी मोठा? मग रात्री अंथरुणात त्याला उत्तर सापडलं. “लुसिल, तो दिवसभर कबुतरं खाऊन फुगतो!”

“आणि शेपटी? तीही कबुतरं खाते?” लुसिलने पाठ फिरवली.

त्यातच पुन्हा बर्फ पडला. घरासमोरचा फुटपाथ ज्याचा त्याने साफ करायचा, असा इथला नियम. पण पैजेचा निकालच नाही, तर उपसणार कोण? फावड्याला हात लावावा तर पुरावा जाणार! ऑटो नावाच्या शेजाऱ्याने स्वतःचं फावडं देऊ केलं, तर दोघं एकसुरात “नको!” म्हणून ओरडले. लग्नानंतर त्यांचं एकमत झालं ते तेव्हाच! पोस्टमन पाय घसरून पत्रांसकट बर्फात बसला आणि उठता उठता त्याने दोघांचाही उद्धार केला.

अखेर शनिवारी पक्षिमंडळाच्या हेडविगबाईंना पंच म्हणून बोलावलं. फाटकापासून दारापर्यंत येताना त्यांचा एक बूट बर्फात गडप झाला.

“हा पक्षी गरुड निघाला तरी मी तुम्हाला क्षमा करणार नाही,” ओला मोजा हीटरवर टाकत त्या म्हणाल्या. लुसिलने त्यांच्यापुढे कॉफी ठेवली.

इतक्यात पायात चिमणी धरून फावड्यावर पक्षी उतरला. शेपटी पट्टीच्या वर!

“बघा! शार्पी!” नॉर्बर्टने टाळी वाजवली.

तोच कुंपणावर दुसरा उतरला. पहिल्याच्या दीडपट! फावड्यावरच्या लहान्याने पायातली चिमणी उचलली, भीत भीत कुंपणाशी नेली, मोठ्या पक्ष्यापुढे ठेवली आणि गुपचूप आपल्या दांड्यावर येऊन बसला.

नॉर्बर्टने दुर्बीण उलटी धरली, सुलटी धरली. “म्हणजे एक शार्पी आणि एक कूपर? माझंही बरोबर, हिचंही बरोबर?”

“दोन्ही कूपर,” हेडविगबाई म्हणाल्या. “शेपट्या बघ, दोन्ही गोल. तो लहान दिसतो तो नवरा. ती बायको. शिकारी पक्ष्यांत बायको मोठीच असते.” मग त्यांनी लुसिलच्या खांद्याला जेमतेम लागणाऱ्या नॉर्बर्टकडे नीट पाहिलं. “नॉर्बर्ट, निदान हे तरी तुला पुस्तकात बघावं लागायला नको होतं!”

लुसिल इतकी हसली की टेबलावरची कॉफी सांडली.

“चल, ऊठ,” ती डोळे पुसत म्हणाली. “आधी बाईंचा बूट शोध. मग फुटपाथ.”

नॉर्बर्ट टोपी चढवून अंगणात गेला. फावड्यावरच्या नवऱ्याने त्याच्याकडे असं रोखून पाहिलं की तो आल्या पावली परत आला. लुसिलने केराची सुपली त्याच्या हातात दिली.

मग नॉर्बर्ट त्या सुपलीने फुटपाथवरचा बर्फ उपसत राहिला. कुंपणावरून एक आणि खिडकीतून एक, अशा दोघी त्याच्या कामावर लक्ष ठेवून होत्या.