चिंधाबाईच्या चिखलाचं पुस्तक

हात पुसा आणि बसा, पोरांनो. मधे कोणी बोलायचं नाही.

एका जंगलात चिंधाबाई नावाची रानडुकरीण होती. पिल्लांना घेऊन ती डबक्यात लोळायची आणि लोळता लोळता गाणी जुळवायची.

चिखलात बसली आमची आई,
डोक्यावर बसली बेडूकताई.
ताई पादली, आई हसली,
सगळी पिल्लं चिखलात घुसली.

धाकटा गुंड्या हे ऐकल्याशिवाय दूध प्यायचा नाही. आपलं डबकं पुस्तकात येणार, असा शब्द चिंधाबाईनं त्याला दिला होता.

पुस्तकं काढायची बालसमिती. हत्तीअण्णा अध्यक्ष. अध्यक्ष झाल्यापासून त्यांनी चिखल सोडला होता. खाज सुटली की गुपचूप सागाला अंग घासायचे. बाकी सगळं बगळेगुरुजी बघायचे.

गुरुजी म्हणाले, गाणं संस्कारक्षम नाही. म्हणजे काय ते मला विचारू नका, गुरुजींनाही माहीत नव्हतं. तिसरी ओळ तर त्यांना मोठ्यानं वाचवेना. मनातल्या मनात मात्र पुन्हा पुन्हा वाचली.

"गुरुजी, चिखल काढला तर आम्ही बसायचं कुठं?" चिंधाबाईनं विचारलं.

"संस्कारात बसा."

नाही म्हटलं तर पुस्तकच निघणार नव्हतं. बिचारी हो म्हणाली.

डबक्याच्या वरच्या उतारावर प्रकाशन झालं. शाल झाली, नारळ झाला. पोरांना हाताची घडी घालून बसवलं. चकचकीत पुस्तकं वाटली. प्रस्तावना गाण्यांपेक्षा लांब. मग गुरुजी मान वाकडी करून गायले.

पाण्यात न्हाली आमची आई,
शेजारी बसली परीताई.
ताई लाजली, आई हसली,
सगळी पिल्लं अभ्यासाला बसली.

गुंड्या उठून उभा राहिला. "आई, ही कोणाची आई?"

चिंधाबाईनं शाल काढून ठेवली, पुढं आली आणि आपलं गाणं म्हटलं. पादण्यासकट.

पोरं गडाबडा लोळली. हत्तीअण्णांचं पोट हलायला लागलं. खुर्ची मोडली. ते उठले, कोणाकडं न बघता सरळ डबक्यात जाऊन बसले.

मग कोण थांबतंय. गुंड्या पुस्तकावर बसला आणि उतारावरून सूं करून खाली. कव्हर गुळगुळीत ना. मागून सशाची पोरं, माकडाची पोरं, साळिंदराची पोरं, जो तो आपापल्या पुस्तकावर. "पुस्तकं मागं द्या" म्हणत गुरुजी धावले आणि घसरले. वर आले तेव्हा कोणाला ओळखू येईनात. डोक्यावर बेडूकताई बसली होती.

पुढचं तुम्हाला गाण्यातून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी समितीला सांगितलं, की पोरांनी एक प्रत शिल्लक ठेवली नाही, दुसरी आवृत्ती काढावी लागेल. काही दुरुस्ती हवी का, असं चिंधाबाईला विचारलं.

"मजकूर राहू द्या तसाच," ती म्हणाली. "कव्हर तेवढं अजून गुळगुळीत करा."

तात्पर्य : मुलांना संस्कारक्षम पुस्तकंच द्यावीत. साध्या पुस्तकावरून एवढं लांब घसरता येत नाही.