आधी वहीत नाव

दौंडच्या विलासरावांच्या घरात आजवर कुणी सरळ शिरलेलं नाही. फाटकाला सुतळीनं एक वही टांगलेली असते. आधी तिच्यात नाव आणि वेळ. मग ओट्यावर ते स्वतः उभे: "कोण? काय काम?" उत्तर पटलं की एकच शब्द, "पुढं." मग चपला काढायच्या, पाय धुवायचे, तेव्हा कुठं खोली. परत जाताना हेच सगळं उलट्या क्रमानं. सख्ख्या सासूबाईंनाही सूट नाही. त्या म्हणायच्या, "जावई न्हाई, जकात नाका हाय."

हा माणूस कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. माझे शिरूरला टेम्पो आहेत. बांधावरून माल उचलायचा, पुण्याच्या बाजारात पोचवायचा. एका टेम्पोचे सात मी स्वतःच्या जोरावर केले, आणि सांगितलेल्या भावानं आयुष्यात साधी चप्पलही घेतलेली नाही. गाडीची मागणी मोबाइलवर घेणारं ॲप मी यांच्याकडून करून घेतलं, तेव्हा त्यांनी समजावलं, "शेठ, शेतकऱ्यानं बटण दाबलं की मागणी थेट तुमच्याकडं येत न्हाई. मधी थर असत्यात. पहिला नोंद करतो, कोण आलं, कवा आलं. दुसरा ओळख तपासतो. पटलं तर पुढं, न्हाई तर तिथूनच माघारी. उत्तरबी त्याच थरांतनं उलटं जातं. ह्यालाच मिडलवेअर म्हणत्यात."

"मग नोंदीचा थर काढा," मी म्हणालो. "नाही तर ओळखीच्या मागं टाका. जो माघारीच जाणार त्याचं नाव कशाला लिहायचं? आणि तेवढा भाव उतरवा."

"भाव उतरवतो. थर हलणार न्हाई."

भाव सोडणारा पण हट्ट न सोडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तो अपमान मला अजून पचलेला नाही. पुढं एकदा भांडायलाच दौंड गाठलं, तर फाटकावर "आधी नाव." मी काय चोर आहे? तिथूनच गाडी फिरवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी केंदूर गावची एकही मागणी आली नाही. केंदूरला झेंडूचे ढीग लागलेले असणार. ते दुपारपर्यंत हलले नाहीत, तर दसऱ्यानंतर त्या फुलांना गुरंही तोंड लावत नाहीत. ॲप आल्यापासून शेतकऱ्यांचे फोन घेणं मी बंद केलं होतं. आता मी दोघांना लावले, तर ते उचलेनात. विलासराव तर कुणाचाच फोन घेत नाहीत. मी सुसाट दौंडला.

"विलासराव! केंदूरचा झेंडू सडतोय!"

"आधी नाव."

"आग लागो तुमच्या वहीला!"

"लागू द्या. पण आधी नाव."

दात खात नाव खरडलं. ओट्यावर प्रश्न आला, "काय काम?"

"तुमचा गळा दाबायचाय."

"पुढं."

खोलीत त्यांनी शांतपणे लॅपटॉप माझ्याकडं वळवला. केंदूरची तेवीस नावं. पहाटेपासून एकेकानं तीन-तीनदा बटण दाबलेलं. प्रत्येकापुढं एकच शब्द: माघारी.

"ओळखीच्या थरानं फिरवली. परवा तुम्ही शेतकऱ्यांची नवी यादी धाडली न्हवं? तिच्यात केंदूर हायच न्हाई."

केंदूरच्या नावांचा कागद माझ्या खिशातच राहिला होता. तिथंच बसून तेवीस जणांना फोन लावले, शिव्या खाल्ल्या, पाच टेम्पो वळवले. शेवटचा ढीग उचलल्याचा निरोप आला तेव्हा कुठं पाणी घशाखाली गेलं.

"नोंद मागं टाकली असती," विलासराव पडद्याकडं बघत म्हणाले, "तर ही माणसं आलीच न्हाईत, असं वाटलं असतं."

मी लॅपटॉप त्यांच्याकडं परत वळवला.

"मी पुण्याला कंपनीत हुतो. माझे वडील, आप्पा, एकदा मला भेटायला गेटवर आलते. ओळखपत्र न्हाई म्हणून वॉचमननं फिरवलं. तो आत सोडलेल्यांचीच नावं लिहायचा. आप्पांनी मला कधी सांगितलं न्हाई. ते गेल्यावर आईकडनं कळलं. कवा आलते, किती वेळ हुभे हुते, कुणालाच ठावं न्हाई."

निघालो. पाय, चपला, ओटा, फाटक. जाण्याची वेळ लिहायला वही उघडली, तर वाऱ्यानं मागची पानं उलटली. त्यांच्या अक्षरात एक ओळ होती: "शिरूरचे शेठ. दुपारी बारा. फाटकावरून परत. उन्हातून आले होते, पाणीही घेतलं नाही."

मी जाण्याची वेळ लिहिली. मग ओरडलो, "विलासराव, जरा चहा टाका!"

ओट्यावरून उत्तर आलं, "आधी नाव."

मी मुकाट्यानं लिहिलं.